उजेडाची कीर्द

मराठीत ‘कच्चा’ हा शब्द सहसा उणेपणा दाखवण्यासाठी वापरला जातो. खेळात ज्याच्यावर राज्य येत नाही तो कच्चा लिंबू, गणितात मागे पडणारा विद्यार्थी कच्चा, पहिल्या पावसात वाहून जाणारा रस्ताही कच्चाच. हिशेबाच्या कामात मात्र या शब्दाला वेगळा मान आहे. माण तालुक्यातील एका छोट्या पतसंस्थेत मी बावीस वर्षे लेखनिक म्हणून काम करतो आहे. दिवसभरात पैसे जसे येतात आणि जातात, तशी त्यांची प्रथम कच्ची नोंद होते. तिच्यावरून पक्की कीर्द, कीर्दीवरून खतावणी, खतावणीवरून तेरीज आणि वर्षाच्या शेवटी ताळेबंद. वार्षिक अहवालात छापला जातो तो ताळेबंद; परंतु एखाद्या रकमेविषयी शंका निघाली, की लेखापरीक्षक ताळेबंद बाजूला ठेवतो आणि कच्ची नोंद मागतो. तिच्यात खाडाखोड चालत नाही. एखादा आकडा बदलायचा असेल, तर जुन्या आकड्याला हात न लावता दुरुस्तीची वेगळी नोंद करावी लागते.

वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी ‘रॉ फाइल’ हा शब्द मला भेटला, तेव्हा मी तो याच अर्थाने समजून घेतला. पुण्यातील भाच्याने नवा कॅमेरा घेतला आणि आपला जुना मला दिला. देताना त्याने एवढेच सांगितले, “मामा, फोटो रॉमध्ये काढा. नंतर काम करता येतं.” ते ‘नंतरचे काम’ शिकण्यात माझी पुढची दोन वर्षे गेली. संस्थेचे काम, शेताची उस्तवार आणि घरचे जेवण आटोपल्यावर रात्री साडेनऊ ते अकरा हा माझा अभ्यासाचा वेळ. डार्कटेबल नावाची संगणकप्रणाली विनामूल्य मिळते. तीच मी वापरू लागलो. दिवसाचे काम उरकून रात्री पुस्तक उघडणाऱ्या वाचकांना या दीड तासाची किंमत वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही.

या प्रणालीत रॉ फाइलवर काम केले, तरी मूळ फाइल जशीच्या तशी राहते. आपण केलेला प्रत्येक बदल, म्हणजे आभाळ किती गडद केले, सावली किती उजळली, शेजारच्या एका लहानशा फाइलमध्ये सूचनांच्या रूपाने नोंदला जातो. ती यादी पुसली, की चित्र पुन्हा पहिल्या स्थितीत येते. खाडाखोड नाही, फक्त दुरुस्तीच्या नोंदी. ही शिस्त माझ्या हाताला आधीपासूनच असल्यामुळे मला त्या पडद्यावर परके वाटले नाही.

पण रॉ फाइलमध्ये नेमके असते काय? कॅमेऱ्याच्या संवेदकावर लक्षावधी सूक्ष्म घरे असतात. प्रत्येक घर आपल्यावर किती प्रकाश पडला एवढेच मोजते; रंग त्याला कळत नाही. म्हणून प्रत्येक घरावर लाल, हिरवे किंवा निळे असे एक बारीक गाळणे बसवलेले असते. कोडॅक कंपनीत काम करणारे ब्राइस बायर यांना या रचनेचे पेटंट १९७६ साली मिळाले. तिच्यात निम्मी घरे हिरवी, पाव लाल आणि पाव निळी असतात. कारण उजेडातील सूक्ष्म फरक माणसाचा डोळा हिरव्याच्या पट्ट्यात अधिक नेमकेपणाने टिपतो. याचा अर्थ असा, की चित्रातील कोणत्याही बिंदूचा एकच रंग प्रत्यक्ष मोजलेला असतो. उरलेले दोन शेजारच्या घरांवरून अंदाजाने काढले जातात.

हे समजले, तेव्हा ‘जसे आहे तसे’ या शब्दप्रयोगाविषयी मी सावध झालो. रॉ फाइलमधील आकडे कोणताही अर्थ न लावता पडद्यावर मांडले, तर गडद, हिरवट, ओळखू न येणारे काहीतरी दिसते. त्याचे चित्र होण्यासाठी कोणीतरी निर्णय घ्यावाच लागतो: पांढरे कशाला म्हणायचे, मधला उजेड कोठे ठेवायचा, सावलीत किती दिसू द्यायचे. मोबाइलवर किंवा कॅमेऱ्यावर जे तयार चित्र दिसते, त्यात हे निर्णय कंपनीच्या अभियंत्यांनी आपल्या वतीने आधीच घेतलेले असतात. “मी फोटोला काहीही केलेले नाही,” असे अभिमानाने सांगणाऱ्याच्या फोटोलाही कोणीतरी काहीतरी केलेले असतेच. संस्करण न झालेले चित्र अस्तित्वात नाही. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की संस्करण करणाऱ्याने कोणता नियम पाळायचा?

या प्रश्नाचे पहिले उत्तर मला तालुक्याच्या गावातील एका वयोवृद्ध स्टुडिओमालकांनी दिले. ते फिल्मच्या काळातले. अंधाऱ्या खोलीत एन्लार्जरच्या दिव्याखाली हाताचा पंजा धरून ते कागदाच्या एखाद्या भागावर उजेड कमी पडू देत आणि चेहरा उजळ ठेवत. आभाळाला मात्र काही सेकंद अधिक देऊन ते गडद करीत. संगणकावरील ब्रश हा त्याच हाताचा वारस आहे, हे त्यांनी मला दाखवून दिले. अमेरिकेतील निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी निगेटिव्हला संगीताच्या लिखित संहितेची आणि छापील चित्राला प्रत्यक्ष वादनाची उपमा दिली होती. १९४१ साली न्यू मेक्सिकोत टिपलेल्या चंद्रोदयाच्या एकाच निगेटिव्हवरून त्यांनी पुढे कित्येक वर्षे प्रती काढल्या आणि उत्तरोत्तर त्यांतले आभाळ अधिकाधिक काळे होत गेले. आपल्याकडे स्वरलिपीत लिहिलेली बंदिश आणि तिची मैफल यांतले नाते ज्याला ठाऊक आहे, त्याला हे पटायला वेळ लागणार नाही. बंदिश तीच, बढत गायकाची. पण गायकाला राग सोडता येत नाही.

राग न सोडणे म्हणजे काय, हे मला आमच्या मुलखाने शिकवले.

सातारा जिल्ह्याचे दोन चेहरे आहेत. पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथून शंभर किलोमीटरच्या आत, पूर्वेला पर्जन्यछायेतील आमच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येऊन थांबतो, आणि तोही भरवशाचा नाही. निसर्गाचे छायाचित्र म्हटले, की जिल्ह्यातील माणूस कासच्या पठाराकडे धावतो. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, तेव्हा त्यात कासचाही समावेश झाला; ऑगस्टच्या अखेरीपासून तेथे फुलांचे गालिचे पसरतात. त्या चित्रांवर फारसे कष्ट घ्यावे लागत नाहीत. माण मात्र दिनदर्शिकेवर छापला जात नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’मुळे हा मुलूख मराठी वाचकाच्या ओळखीचा झाला, तरी कॅमेरा घेऊन येथे मुद्दाम कोणी येत नाही. बरड माळ, कुसळ, बाभळी, बोरी आणि त्यांवर पसरलेला एकच एक तपकिरी रंग, असे त्याचे वर्णन होते.

या ‘एकच एक’ तपकिरीवर मी कित्येक रात्री घालवल्या. इंद्रधनुष्यात तपकिरी रंग नसतो. तपकिरी म्हणजे सभोवतालच्या मानाने मंद असलेला नारिंगी. म्हणून चित्राचा उजेड वाढवत नेला, की माळ नारिंगी दिसू लागतो. कमी केला, की करपल्यासारखा होतो. मध्ये कोठेतरी अशी एक जागा असते, की मुरमाचा तांबूसपणा, चुनखडीचा पांढरट थर, बसाल्टचा करडेपणा आणि वाळल्या गवताचा फिकट पिवळा हे सगळे आपापल्या जागी उभे राहतात. तयार चित्रात प्रत्येक रंगाच्या उजेडाला केवळ २५६ पायऱ्या असतात. माझ्या कॅमेऱ्याच्या रॉ फाइलमध्ये १६,३८४. त्या पायऱ्यांवरून सावकाश चढता-उतरताना, ज्या माळावर मी लहानपणापासून मेंढरांमागे चाललो, त्यात किती छटा आहेत हे मला समजत गेले. आबा जमिनीच्या रंगावरून “इथं बाजरी येईल, तिथं मटकीच टाक” असे का सांगत, तेही कळले. ते या छटा फार पूर्वीपासून वाचत होते.

आबांवरूनच पांढऱ्याचा प्रश्न आठवतो. दुपारच्या उन्हात, सावलीत आणि घरातल्या पिवळ्या दिव्याखाली आपल्याला धोतर पांढरेच दिसते. कारण मेंदू प्रकाशाचा रंग वजा करत असतो. कॅमेरा तसे करत नाही. उन्हात काढलेल्या चित्रापेक्षा सावलीत काढलेले चित्र निळसर येते आणि व्हाइट बॅलन्सच्या स्लायडरने ते ताळ्यावर आणावे लागते. आबांना मी एकदा आमच्या टेकडीचे छापलेले चित्र दाखवले. ते म्हणाले, “आभाळ लई निळं केलंस.” पुढे काही महिन्यांनी त्यांच्या दोन्ही डोळ्यांतील मोतीबिंदू निघाले. वयाबरोबर डोळ्यातील भिंग पिवळे पडत जाते आणि निळा प्रकाश अडतो. नवे भिंग बसल्यावर ते अंगणात आले आणि बराच वेळ वर पाहत उभे राहिले. भिंतीवर तेच चित्र होते. ते म्हणाले, “बरोबर हाय की हे.” फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांचेही असेच झाले होते, १९२३ साली शस्त्रक्रिया होण्यापूर्वीच्या त्यांच्या चित्रांत तांबूस-पिवळ्या छटा दाटलेल्या दिसतात. चित्र एकच, पाहणारे डोळेही त्याच माणसाचे, तरी निर्णय दोन. तेव्हापासून मी महत्त्वाच्या प्रत्येक चित्राआधी राखाडी रंगाचा एक पुठ्ठा समोर धरून एक नोंद घेऊन ठेवतो. डोळ्याला वय असते. पुठ्ठ्याला ते फारसे नसते.

या पुठ्ठ्याची खरी गरज पडली ती खंडोबाच्या टेकडीमुळे. २ ऑक्टोबर २०१५ रोजी, सुट्टीच्या दिवशी, मी तिचे एक चित्र काढले होते. पावसाळा संपत आलेला असूनही ती उघडी-बोडकी होती. पुढच्या उन्हाळ्यात गावाने श्रमदान केले. उताराला आडवे, समपातळीत, साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चर खणले गेले. पहाटे पाच वाजता टेकडीवर माणसे जमत. त्यांत शाळेची मुले होती आणि नातवंडांना कडेवर घेतलेल्या म्हाताऱ्याही होत्या. हेतू एवढाच, की पडलेले पाणी धावत खाली न जाता तेथेच मुरावे. २ ऑक्टोबर २०१६ ला मी पुन्हा त्याच जागी गेलो. जागा चुन्याने खूण केलेल्या दगडाची होती. भिंग तेच, तिपाईची उंची तीच आणि वेळही तीच, दुपारचे साडेचार.

पुढच्या टप्प्यातील यंत्राला डिझेल हवे होते आणि एका कंपनीची माणसे काम पाहायला येणार होती. श्रमदानाचे सारे नियोजन करणारा तरुण आदल्या रात्री माझ्याकडे आला. दोन्ही चित्रे त्याने पाहिली. कॅमेऱ्याने स्वतः तयार केलेल्या प्रतींत दोन्ही टेकड्या जवळजवळ सारख्याच तपकिरी होत्या. तो म्हणाला, “काका, ह्यो दुसरा फोटू जरा हिरवा मारा की. लोकांनी हाताला फोड येईस्तवर खणलंय.”

त्याला खोटे सांगायचे नव्हते. टेकडीवर तो रोज जात होता आणि त्याला हिरवे खरोखर दिसत होते. चित्रात ते उतरले नव्हते, एवढीच त्याची तक्रार होती. हिरव्याचा स्लायडर माझ्या बोटाखाली होता. तो थोडा उजवीकडे नेला असता, तर कोणाच्याही लक्षात आले नसते. पण तसे केले असते, तर त्या चित्रातील हिरवे पाण्याने उगवलेले न राहता माझ्या बोटाने उगवलेले झाले असते. आणि पंचेचाळीस दिवसांच्या श्रमाचा पुरावा म्हणून जे चित्र उभे राहायचे, ते त्या श्रमाविषयी काहीच बोलू शकले नसते. मी त्याला म्हणालो, “तुम्ही बसा. दोन्ही फाइली कच्च्यापासून उघडू.”

आधी राखाडी पुठ्ठा. २०१५ ला आभाळ निरभ्र होते, २०१६ ला पातळ ढग. दोन्ही चित्रांना आंधळेपणाने सारखेच आकडे दिले असते, तर उजेडातील फरक जमिनीच्या नावावर जमा झाला असता. म्हणून दोन्ही नोंदींतील पुठ्ठा प्रथम एकाच राखाडीवर आणला. दोन्हींचा उजेड आणि दोन्हींचे पांढरे जुळले. त्यानंतर जे जे केले, ते दोन्ही फाइलींना सारखेच केले: आभाळ थोडे खाली, सावल्या थोड्या वर आणि जवळजवळच्या छटांमधील फरक थोडा ठळक. सावल्या फार उचलता येत नाहीत. संवेदकाच्या मोजणीत सर्वांत उजळ टप्प्यालाच निम्म्या पायऱ्या जातात. गडद भागाच्या वाट्याला मोजक्याच येतात, आणि तेथे जोर केला की दाणे दिसू लागतात. म्हणून जेवढे निघाले, तेवढ्यावर थांबलो.

मग चित्र मोठे करून उतारावर गेलो. २०१५च्या फाइलमध्ये तेथे सलग माळ होता. २०१६च्या फाइलमध्ये, त्याच मापाने, प्रत्येक चराच्या खालच्या बाजूला बोटभर हिरवी कड दिसू लागली. एकाखाली एक, वहीत आखलेल्या ओळींसारखी. गवत तेवढेच होते. पण जेथे चर होता तेथेच होते, आणि चर नव्हता तेथे नव्हते. तयार प्रतीत या कडा तपकिरीत मिसळून गेल्या होत्या. कच्च्या नोंदीत त्या जमा होत्या. तो तरुण खुर्चीवरून उठला, पडद्याजवळ गेला आणि बोटाने ओळी मोजू लागला. “ही आमच्या आळीची,” सहाव्या ओळीवर तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांपैकी एका बाईंनी चित्रे पाहून विचारले, “यांच्या मूळ फाइली बघता येतील का?” लेखापरीक्षकाचा प्रश्न होता तो, आणि मला तो ऐकून बरे वाटले. मी दोन्ही फाइली आणि त्यांच्या शेजारच्या सूचनांच्या याद्या उघडून दाखवल्या. दोन्ही याद्यांत फक्त उजेड आणि पांढरे जुळवण्याचे आकडे वेगळे होते. त्याचे कारण मी पुठ्ठा दाखवून सांगितले. त्यांनी मान डोलावली आणि आपल्या वहीत काहीतरी लिहून घेतले. डिझेलचे पैसे पुढे मिळाले. ते चित्रांमुळे मिळाले असे मी म्हणणार नाही, कारण त्या नंतर दोन तास टेकडीवरही चालल्या होत्या.

चित्रसंस्करण म्हणजे सजावट, असा समज आहे आणि त्याला तशी कारणेही आहेत. परंतु त्या रात्री मला जे हाती लागले, ते हिशेबाच्या जवळचे होते. प्रकाशाने जे जमा केले ते शोधून वर आणावे. प्रकाशाने जे दिलेच नाही ते जमेला धरू नये. आणि दोन गोष्टींची तुलना करायची असेल, तर दोन्हींना एकच माप लावावे. या तीन नियमांच्या आत हाताला भरपूर मोकळीक आहे. आभाळ किती गंभीर असावे, दगडाला किती धार असावी, संध्याकाळ किती उबदार असावी, हे ज्याचे त्याने ठरवावे. भाषेचा अभ्यास करणाऱ्याला ही मोकळीक आणि ही मर्यादा दोन्ही ओळखीच्या वाटतील. आठवणी लिहिणारा माणूस काय आधी सांगायचे, काय उजळायचे आणि काय सावलीत ठेवायचे हे निवडतोच. पण जे घडलेच नाही, ते त्याला आठवण म्हणून लिहिता येत नाही.

ग्रामपंचायतीच्या भिंतीवर त्या दोन चित्रांशेजारी २०१७चे तिसरे चित्र लागले. त्यात हिरव्या कडा रुंदावल्या होत्या आणि दोन-तीन ठिकाणी एकमेकींना मिळाल्या होत्या. बैठकीला आलेली माणसे आपापल्या चरावर बोट ठेवून बोलत. मग २०१८ आले. त्या वर्षी पावसाने पाठ फिरवली आणि हिवाळ्यातच जनावरांच्या छावण्यांची चर्चा सुरू झाली. २ ऑक्टोबरला मी दगडावर तिपाई लावली, पुठ्ठ्याची नोंद घेतली आणि रात्री तीच सूचनांची यादी त्या फाइलला लावली. टेकडी पुन्हा तपकिरी होती. चरांच्या कडेला वाळलेले गवत फिकट पिवळे दिसत होते, एवढाच २०१५हून फरक.

हे चित्र लावायचे की नाही, यावर बैठकीत थोडी कुजबुज झाली. काहींचे म्हणणे होते, की बाहेरची माणसे येतात, उगाच कशाला? श्रमदानाच्या नियोजनातला तोच तरुण उठला. त्याने चित्र हातात घेऊन उजेडात धरले, जरा वेळ पाहिले आणि मला म्हणाला, “ह्यो बी लावा, काका. आन् खाली त्या सालचा पाऊस लिवा.”

तेव्हापासून चारही चित्रांखाली त्या त्या वर्षीचा पाऊस मिलिमीटरमध्ये लिहिलेला आहे. अक्षर माझे आहे, आणि आकडे तालुक्याच्या पर्जन्यनोंदीतून जसेच्या तसे उतरवलेले.